पन्नास किलोचं पिल्लू

मुलांनो, घरी कुत्रा आणायचा हट्ट तुमच्यापैकी कितीजणांनी धरला आहे? हात वर करा पाहू! वर्गात हा प्रश्न विचारला, की निम्म्याहून जास्त हात वर जातात. कुठला कुत्रा हवा, असं विचारलं तर पूर्वी ‘पांढरा, केसाळ’ असं उत्तर यायचं. आता मुलं थेट नावच सांगतात. रॉटविलर! डॉबरमन! पिटबुल! मोबाइलवर पाहिलेलं असतं ना! आणि हट्ट काही एकट्या मुलांचाच नसतो बरं का. सोसायटीच्या फाटकाशी असा दांडगा कुत्रा घेऊन उभं राहायला पुष्कळ बाबांनाही आवडतं.

तर आज रॉटविलरचीच गोष्ट घेऊ. दक्षिण जर्मनीत रॉटवाइल नावाचं जुनं गाव आहे. तिथे गुरांचा मोठा बाजार भरायचा. खाटीक लोक गुरं विकत घेऊन कळप हाकत न्यायचे आणि मदतीला हे कुत्रे असायचे. एखादा बैल वाट सोडू लागला, की कुत्रा आपलं अंग घालून त्याला रेटायचा. पळणाऱ्या जनावराला आडवा जायचा. तरी ऐकलं नाही तर पायाला दात लावायचा. मांसाच्या छोट्या गाड्यासुद्धा हेच कुत्रे ओढायचे. पुढे गुरं आगगाडीने जाऊ लागली, कुत्र्यांचं काम गेलं आणि ही जात जवळजवळ नाहीशी होत आली. मग १९१० मध्ये पोलिसी कामासाठी तिला मान्यता मिळाली आणि तिचे दिवस पालटले. (डॉबरमनचं नाव कसं पडलं माहीत आहे? जर्मनीतल्याच आपोल्डा गावात डॉबरमन नावाचे एक करवसुली करणारे गृहस्थ होते. त्यांना सोबतीला राखणदार कुत्रा हवा होता!)

आता बैलाला रेटणारा हा गडी आपल्या दोन खोल्यांच्या घरात आला, असं समजा. रेटणं तो विसरलेला नसतो. तो पायाला अंग घासत तुम्हाला भिंतीकडे ढकलतो. तुम्ही ओरडत पळालात, की मागे लागतो. त्याला राग आलेला असतो असं नाही. पळणाऱ्याला अडवायचं, एवढंच त्याला आतून कळतं. पण पूर्ण वाढलेला नर साधारण पन्नास किलोचा असतो. पाचवीतल्या मुलाचं वजन तीसच्या आसपास. म्हणजे पट्टा तुमच्या हातात असला, तरी फिरायला कोण कोणाला नेतंय?

गंमत अशी, की घरी येतं तेव्हा ते पिल्लू दोन महिन्यांचं, पाच-सहा किलोचं असतं. पाहुण्यांच्या अंगावर उडी मारतं, सगळे हसतात. चपला चावतं, बोटं चावतं, आजी म्हणते, ‘दात येताहेत बिचाऱ्याला.’ सहा महिन्यांत तेच पिल्लू तीसेक किलोचं होतं आणि उडी मारायची सवय तशीच राहते. आता आजी पडते! मग त्याला मार बसतो. काल चालत होतं ते आज का चालत नाही, हे त्याला कसं कळावं?

कुत्र्याच्या आयुष्यात तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ फार मोलाचा असतो. या दिवसांत जे जे पाहिलं, ऐकलं, हुंगलं, ते त्याला आपलं वाटतं. छत्री, काठी टेकत चालणारे आजोबा, दूधवाला, फटाके, रडणारं बाळ, सगळं. लशी पूर्ण झालेल्या नसतात म्हणून पिल्लाला जमिनीवर सोडायचं नाही, पण उचलून घेऊन रस्ता दाखवता येतो. नवख्या मालकांना हे माहीतच नसतं. ते पिल्लाला घरात कोंडतात आणि मोठं झालं की साखळीला बांधतात. दिवसभर बांधलेला, कोणाची ओळख नसलेला ताकदवान कुत्रा पाहुण्याला घाबरतो, आणि घाबरलेला कुत्रा चावतो. काहीजण तर ‘चांगला तापट होऊ दे’ म्हणून मुद्दाम असं करतात. हा शुद्ध वेडेपणा आहे.

लखनौमध्ये जुलै २०२२ मध्ये घरच्याच पिटबुलच्या हल्ल्यात घरातल्या आजी दगावल्या. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने अशा तेवीस जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला राज्यांना कळवलं. त्यात रॉटविलरही होता. संबंधितांचं म्हणणं ऐकलं नव्हतं म्हणून एप्रिलमध्ये कर्नाटक आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयांनी तो आदेश रद्द केला. लगेच मे महिन्यात चेन्नईच्या एका बागेत दोन रॉटविलरनी पाच वर्षांच्या मुलीला गंभीर जखमी केलं. जातींची यादी कितीही लांबवली, तरी पट्टा धरणाऱ्याचा प्रश्न उरतोच, असं मला वाटतं.

मित्राच्या घरी असा कुत्रा असेल तर? मालकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. जेवताना आणि झोपेत तर मुळीच नाही. अंगावर आला तर पळायचं नाही, ओरडायचं नाही. हात अंगाशी धरून झाडासारखं उभं राहायचं, त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही. पडलात तर गुडघे पोटाशी घेऊन मान आणि कान हातांनी झाका. दात लागला, नुसतं खरचटलं तरी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. आणि ओरडा बसेल म्हणून लपवू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा. रेबीज एकदा झाला, की माणूस बहुधा वाचत नाही. वेळेवर लस घेतली तर तो टळतो.

एवढं वाचूनही मोठा कुत्रा हवाच असेल, तर आईबाबांनी आधी एक हिशेब करावा. रोज सकाळ-संध्याकाळ, पावसातसुद्धा, त्याला कोण फिरवणार? पन्नास किलोची ओढ पेलणारं मोठं माणूस घरात रोज आहे का? पगारी पोऱ्याच्या हाती पट्टा देणं उत्तरात धरू नये. आधी कधीच कुत्रा पाळला नसेल, तर गल्लीतलं एखादं गावठी पिल्लू घ्यावं. आपली हवा त्याला मानवते आणि मालकालाही त्याच्यासोबत शिकता येतं. आणि विकत घ्यायला गेलातच, तर पिल्लाची आई दाखवा म्हणा. ती माणसांत कशी वागते ते अर्धा तास बसून बघा. विकणारा आई दाखवायला टाळाटाळ करू लागला, तर चप्पल घाला आणि सरळ घरी या.