बागुलबुवा आणि बालमेंदू

पिपरी मेघेत आमच्या शेजारी चार वर्षांची एक मुलगी राहते. पाहुणे आले की ती आईच्या पदराआड जाते. कुकरची शिट्टी झाली की कान झाकून घेते. "भित्री आहे," असे घरात सहज म्हटले जाते. हसण्याचा अधिकार मला नाही. मुलाला जेवू घालताना मीही बागुलबुवाला अनेकदा हाक मारली आहे.

धोक्याची सूचना देणारे, बदामाच्या आकाराचे 'अमिग्डाला' हे मेंदूतील केंद्र जन्मापासूनच बरेचसे कार्यरत असते. त्याला आवर घालणारा कपाळामागचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो. तोवर बालकाला हा आवर मोठ्यांकडून उसना घ्यावा लागतो. कुशीत घेऊन शांत स्वरात बोलले की छातीची धडधड उतरते. हे वारंवार घडले की मेंदूतील तो मार्ग दृढ होतो. याउलट सततची भांडणे, मार किंवा उपेक्षा वाट्याला आली, तर ताणाची यंत्रणा सदैव सज्ज राहू लागते आणि पुढे चिंताविकाराची शक्यता वाढते.

शक्यताच, अटळता नव्हे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांसमोर अनोळखी वस्तू व आवाज आणले, तेव्हा पाचांतील साधारण एक बाळ हातपाय झाडून रडले. अशी मुले पुढे बुजरी होण्याचा संभव अधिक दिसला, तरी सर्वांनाच विकार जडला नाही. स्वभावाचे बीज जन्मतःच येते, म्हणून अशा मुलाच्या आईला बोल लावणे अन्यायाचे आहे.

पुढे सेवाग्रामला आश्रम उभारणाऱ्या गांधीजींनाही बालपणी चोर, भूत व साप यांचे भय वाटे. अंधारात झोप येत नसे, हे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. रंभा नावाच्या दाईने त्यांना रामनामाचा आधार दिला. त्याच सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचा 'आरंभ' या उपक्रमात युनिसेफसह सहभाग आहे. त्यात अंगणवाडी सेविका तीन वर्षांखालील मुलांच्या पालकांना बाळाशी बोलणे, खेळणे, त्याच्या हाकेला प्रतिसाद देणे समजावतात. बाळाच्या वजनाची चौकशी आपण करतोच. त्याच्या भयाची कोण करतो?

भीतीमुळे शाळा, झोप वा जेवण आठवडेच्या आठवडे बिघडत असेल, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.

शेजारच्या आजीने मात्र स्वतःच एक युक्ती काढली आहे. कुकर चढवला की ती नातीला मांडीवर घेते आणि दोघी शिट्ट्या मोजतात. परवा तिसऱ्या शिट्टीला मुलीने एका कानावरचा हात काढला.