गच्चीवरून सेटपर्यंत येणारी केबल

हौशी रेडिओचा परवाना हातात आला की नवा हॅम आधी सेट बघतो, मग अँटेना. केबलचा विचार उरलेल्या पैशांत होतो. दुकानदार आरजी-५८ चं भेंडोळं पुढे करतो. बारीक, लवचीक, स्वस्त; काम भागेलसं वाटतं. पण १४५ मेगाहर्ट्झवर या केबलमध्ये शंभर मीटरला साधारण २० डेसिबल घट होते. गच्चीवरच्या अँटेनापर्यंत ३० मीटर केबल लागली, तर ६ डेसिबल वाटेतच गेले. सेटमधून ५० वॅट निघाले आणि अँटेनाला साडेबारा मिळाले. बाकीचे केबल तापवण्यात संपले. ४३५ मेगाहर्ट्झवर तर तेवढ्याच केबलमधून वर जेमतेम चार वॅट पोचतात. बोटाएवढ्या जाडीची आरजी-२१३ घेतली, तर १४५ वर निम्म्याहून जास्त शक्ती वर पोचते आणि एलएमआर-४०० वर सुमारे ३५ वॅट. म्हणून सेटची किंमत विचारण्याआधी गच्चीपर्यंतचं अंतर टेपने मोजावं, असं माझं ठाम मत आहे.

ही केबल बाहेरून साधी दिसते. मधोमध एक तार, तिच्याभोवती प्लास्टिकचं इन्सुलेशन, त्यावर तांब्याची जाळी आणि सगळ्यावर काळं आवरण. लहरी धातूच्या आतून नाही, तर तार आणि जाळी यांच्या मधल्या इन्सुलेशनमधून प्रवास करतात. जाळी त्यांना बाहेर सांडू देत नाही आणि बाहेरचा गोंगाट आत येऊ देत नाही. ऑलिव्हर हेविसाइडने १८८० मध्येच अशा रचनेचं पेटंट घेतलं होतं. पण रुंद पट्ट्यातले संदेश दूरवर नेण्यासाठी तिचा विचार बेल कंपनीच्या लॉइड एस्पेनशीड आणि हर्मन अ‍ॅफेल यांनी १९२९ मध्ये केला. तरीही ही केबल आजच्यासारखी लवचीक आणि स्वस्त झाली ती प्लास्टिकमुळे. १९३३ मध्ये इंग्लंडात आयसीआयच्या प्रयोगशाळेत पॉलिथिन अनपेक्षितपणे हाती लागलं. उच्च वारंवारितेला इतकं कमी खाणारं आणि वाकणारं इन्सुलेशन दुसऱ्या महायुद्धातल्या रडारला हवंच होतं. केबलच्या नावापुढचं 'आरजी' हे अमेरिकी सैन्याच्या त्याच काळातल्या यादीतून आलेलं आहे.

केबलवर ५० किंवा ७५ ओहम छापलेलं असतं आणि त्यावरून फार गोंधळ होतो. मल्टिमीटर लावून हा आकडा दिसत नाही आणि केबल लांब केली म्हणून तो बदलत नाही. तो ठरतो जाळीचा व्यास, तारेचा व्यास आणि इन्सुलेशनचा प्रकार यांवर. मध्ये फक्त हवा असेल, तर सर्वांत कमी घट ७७ ओहमच्या आसपास होते आणि सर्वाधिक शक्ती सुमारे ३० ओहमला पेलते. ट्रान्समीटर असलेल्या जगात ५० ओहम रुळला, तर नुसता सिग्नल आणायचा असतो त्या टीव्हीच्या जगात ७५. हॅमच्या सेटला ५० चीच केबल लावावी. घरात डिशची आरजी-६ उरली असेल, तर केवळ ऐकण्यासाठी ती लावायला हरकत नाही. बेमेळामुळे होणारं नुकसान किरकोळ असतं.

घट होते कशी? वारंवारिता वाढते तसा प्रवाह धातूच्या पृष्ठभागाकडे ढकलला जातो. १०० मेगाहर्ट्झवर तो तांब्याच्या सुमारे साडेसहा मायक्रॉन जाडीच्या थरातून वाहतो, १ गिगाहर्ट्झवर दोनच मायक्रॉनमधून. वाट अरुंद झाली की विरोध वाढतो. जाड केबलमध्ये तारेचा पृष्ठभाग मोठा, म्हणून घट कमी. इन्सुलेशनमध्ये हवेचे बुडबुडे असले की फायदा आणखी वाढतो, कारण तेवढ्याच व्यासाच्या केबलमध्ये मधली तार जाड ठेवता येते.

प्रवाह वरच्या थरातूनच जातो, याचा उपयोग कारखानदारही करतात. आरजी-६ ची मधली तार बहुधा पोलादी असते, वर फक्त तांब्याचा मुलामा. डिशच्या ९५० ते २१५० मेगाहर्ट्झला ती पुरते. पण डिशच्या तोंडाशी बसवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरला, म्हणजे एलएनबीला, लागणारे १३ किंवा १८ व्होल्टही याच तारेतून वर जातात आणि डीसी प्रवाह तारेच्या सगळ्या जाडीतून, म्हणजे मुख्यतः जास्त विरोध असलेल्या पोलादातून वाहतो. लांब अंतरावर म्हणूनच व्होल्टेज घसरतं. खिशात छोटं चुंबक ठेवावं. तार चिकटली की आत पोलाद आहे हे कळतं.

अँटेनापासून सेटपर्यंतच्या केबलची घट ऐकताना आणखी महागात पडते. पहिल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी गेलेला प्रत्येक डेसिबल गोंगाटाच्या हिशेबात थेट जमा होतो; नंतर कितीही वाढवा, तो परत मिळत नाही. नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश आहेत. त्यांत कमी गोंगाटाचे अ‍ॅम्प्लिफायर वर, डिशच्या नाभीपाशीच बसवलेले आहेत. दूरच्या आकाशगंगांकडून आलेला अत्यंत क्षीण सिग्नल खाली उतरताना गमावायची चैन तिथे परवडणारी नाही. घरच्या डिशवरचा एलएनबीही वरच्या वर सिग्नल वाढवतो आणि ११ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी कमी वारंवारितेवर आणूनच केबलमध्ये सोडतो.

घटीचा एक धोका फारसा कुणी सांगत नाही. अँटेना सेटशी जुळतो का, हे परतणाऱ्या लहरीवरून सांगणाऱ्या एसडब्ल्यूआर मीटरला खराब केबल फसवते. समजा, ६ डेसिबल घट असलेल्या केबलच्या वरच्या टोकाला अँटेनाच नाही. परत येणाऱ्या लहरीचीही वाटेत तितकीच घट होते, म्हणून खालच्या मीटरवर दिसतो सुमारे १.७. नवा हॅम खूश होतो आणि समोर कुणी उत्तर देत नाही म्हणून हवामानाला दोष देतो. मीटर चांगला आकडा दाखवतो म्हणून अँटेना चांगला आहे असं समजू नका. वरच्या टोकाला ५० ओहमचा डमी लोड लावा आणि दोन्ही टोकांना वॅट मोजा.

आपल्याकडे याला पावसाळ्याची जोड मिळते. कोकणात चार महिने पाणी कनेक्टरच्या फटीतून शिरतं, जाळीतून केशाकर्षणाने आत सरकतं आणि तांबं हिरवं करतं. त्यानंतर केबल बदलण्यावाचून इलाज नाही. कनेक्टरवर आपोआप एकजीव होणारी रबरी टेप ताणून, खालून वर गुंडाळावी आणि उन्हापासून बचाव म्हणून वर साधी काळी टेप लावावी. घरात शिरण्याआधी केबलला खाली एक वळसा द्यावा, म्हणजे पाणी तिथून गळून जातं. गच्चीवर उघड्यावर एन कनेक्टर वापरावा. त्याच्या आत रबरी गॅस्केट असतं. पीएल-२५९ स्वस्त आहे, शॉर्टवेव्हला उत्तम आहे, पण पाणी अडवणं त्याचं काम नाही.

घेताना दुकानात एक टोक सोलून बघा. जाळी विरळ असेल आणि तिच्यातून इन्सुलेशन डोकावत असेल, तर ठेवून द्या. तार खरवडून बघा. आत पांढरं निघालं आणि ते चुंबकाला चिकटलं नाही, तर ते अ‍ॅल्युमिनियम, सोल्डर नीट धरणार नाही. उत्पादकाचा तक्ता मागा आणि आपल्या वारंवारितेच्या ओळीतल्या आकड्यावरून आपल्या अंतराच्या प्रमाणात घट काढा. तक्ता नाही म्हणाले, तर दुसऱ्या दुकानात जा. आणि पैसे कमी पडत असतील, तर सेट थोडा साधा घ्या. पण गच्चीपर्यंतची केबल चांगलीच घ्या.