कुंचा हाती घेण्यापूर्वी

फाल्गुन सरत आला की देशाच्या पुष्कळ भागांत घरोघरी झाडलोटीला आरंभ होतो. काश्मिरी पंडितांच्या घरी हेरथच्या अगोदर, इराणी आणि पारशी कुटुंबांत २१ मार्चच्या नवरोजपूर्वी आणि महाराष्ट्रात गुढीपाडव्याच्या आधी घर आवरण्याची रीत आहे. जळमटे निघतात, अंथरुणे उन्हात पडतात आणि ज्याला परवडते तो रंगाऱ्याला बोलावतो. रंगारी येतो, भिंतीवरच्या डागांवर कुंचा फिरवतो आणि घर उजळून निघते. पुढे आषाढात तेच डाग त्याच जागी पुन्हा उमटतात; दोष मात्र बिचाऱ्या रंगाऱ्याला किंवा चुन्याला दिला जातो.

वास्तविक भिंतीवरचा डाग ही गेल्या पावसाळ्याची साक्ष असते. पाणी कोठून आले, किती आले, कोठे थांबले हे तो सांगत असतो. त्यावर कुंचा फिरवणे म्हणजे साक्षीदाराचे तोंड बंद करणे होय. म्हणून वसंतातील डागडुजीचा पहिला नियम असा की, आधी डाग वाचावा आणि मगच तो पुसावा.

या कामाला हाच ऋतू का? भारतातील वर्षाच्या एकूण पावसापैकी सुमारे तीन चतुर्थांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. नैर्ऋत्य मोसमी पाऊस सामान्यतः १ जूनच्या सुमारास केरळात, ११ जूनच्या सुमारास मुंबईत आणि जूनच्या अखेरीस दिल्लीत पोहोचतो. त्यापूर्वीच्या दोन-तीन महिन्यांत घर वर्षातील सर्वांत कोरडे असते. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येत असल्याने तेथे हे वेळापत्रक बदलते. तत्त्व मात्र तेच राहते. दिवाळीच्या साफसफाईत पावसाने केलेली हानी मोजली जाते. वसंतातील साफसफाईत ती टाळता येते.

वरून येणारे पाणी

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी पडले. या हिशेबाने ५० चौरस मीटरच्या छपरावर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर ५,००० लिटर पाणी, म्हणजे २०० लिटरची २५ पिंपे, त्यावरून वाहून जाते. कोकणात असा दिवस मुळीच दुर्मीळ नाही. एवढ्या पाण्याला वाट मिळाली नाही, तर ते स्वतःची वाट काढते.

म्हणूनच पाहणीला छपरापासून आरंभ करावा. कौलारू घरात दुपारच्या वेळी दारे-खिडक्या लावून आत उभे राहावे. जेथून उन्हाचा कवडसा येतो तेथून पाणीही येणार. फुटकी कौले बदलावीत, सरकलेली बसवावीत आणि पन्हळीत साचलेला पाचोळा काढावा. सिमेंटच्या पत्र्यावर सरळ पाय देऊ नये. तो भाराने फुटतो आणि माणूस खाली कोसळतो. सपाट गच्चीवर बादलीभर पाणी ओतून ते निचऱ्याच्या भोकाकडे जाते की मध्येच तळे करते, हे पाहावे. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले पिंपळाचे बी फटीत रुजते आणि त्याची मुळे ती फट रुंदावतात. असे रोप नुसते छाटून भागत नाही. ते मुळासकट काढून फट बुजवावी लागते.

खालून चढणारे पाणी

पाणी उताराकडे वाहते हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु बारीक छिद्रांतून ते वरही चढते. यालाच केशाकर्षण म्हणतात. एक मिलिमीटर व्यासाच्या स्वच्छ काचनळीत पाणी सुमारे ३ सेंटिमीटर चढते. व्यास दहापट कमी केला तर ते सुमारे ३० सेंटिमीटर चढते. विटेतील आणि मातीतील छिद्रे याहूनही सूक्ष्म असतात. जमिनीतील ओल त्यांतून भिंतीत शिरते, सोबत विरघळलेले क्षार आणते आणि पाणी उडून गेल्यावर ते क्षार मागे राहतात. भिंतीला लोणा लागतो तो असा. क्षारांचे स्फटिक वाढताना गिलाव्याचे कण सुटे होतात आणि भिंत भुसभुशीत बनते.

यावरून डागाची उंची पाहून निदान करता येते. छताजवळचा डाग बहुधा वरच्या गळतीचा असतो, जमिनीपासून कमरेपर्यंत चढलेला पट्टा खालच्या ओलीचा, आणि मध्येच उमटलेला डाग बहुधा भिंतीतील नळाचा किंवा खिडकीच्या फटीचा. लोणा पाण्याने धुऊ नये, कारण विरघळलेले क्षार पुन्हा आत जातात. तो कोरड्या कुंच्याने झाडून घराबाहेर टाकावा. जोत्याला टेकलेले मातीचे ढीग हलवावेत. त्याच वेळी भिंतीवर वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसतात का तेही पाहावे. ओल आणि लाकूड एकत्र आले की तिला आयतेच घर मिळते.

चुन्याचे कार्य

छप्पर आणि जोते निर्धास्त झाले की मग चुना. जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १७५६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात, चुनखडी भाजली असता तिचे वजन का घटते याचा उलगडा केला. तिच्यात बांधला गेलेला एक वायू बाहेर पडतो. आज त्यालाच कार्बन डायऑक्साइड म्हणतात. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ४४ किलो वायू जातो आणि ५६ किलो चुनकळी उरते. चुनकळीवर पाणी घातले की ती तापते, फुटते आणि विरते. विरलेला चुना भिंतीवर लावला की तो हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडीच बनतो. थोडक्यात, चुना वाळतो एवढेच नव्हे. त्याचा दगड होतो. चुन्याची निवळी बशीत उघडी ठेवली, तर तिच्यावर धरणारी पांढरी साय हाच प्रकार दाखवते.

या क्रियेला थोडा ओलावा लागतो. भर उन्हात तापलेल्या भिंतीवर दिलेला हात फार लवकर सुकतो आणि पुढे अंगाला लागू लागतो. म्हणून भिंत आधी ओलसर करावी, काम सकाळी किंवा सायंकाळी करावे आणि एका जाड हाताऐवजी दोन-तीन पातळ हात द्यावेत. चुन्याच्या थरातून भिंतीतील वाफ बाहेर पडू शकते. तैलरंगाखाली ती अडते आणि रंगाला फोड येतात. चुना अतिशय दाहक असल्यामुळे डोळ्यांना चष्मा हवाच. डोळ्यांत थेंब गेल्यास ते भरपूर पाण्याने बराच वेळ धुवावेत आणि लगेच डॉक्टरांकडे जावे.

जुना रंग आणि पाण्याच्या टाक्या

जुन्या तैलरंगाबाबत विशेष सावधगिरी हवी. भारतात २०१६ साली झालेल्या नियमांनी घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांवर मर्यादित केले. परंतु त्यापूर्वीचे थर अनेक दारा-खिडक्यांवर अजून आहेत. ते कोरडे घासले किंवा जाळून काढले तर शिशाची धूळ आणि धूर घरात पसरतो आणि मुलांच्या वाढत्या मेंदूला इजा पोहोचते. असा रंग ओला करून काढावा, मुलांना व गरोदर स्त्रियांना दूर ठेवावे आणि फरशी ओल्या फडक्याने पुसावी.

पाण्याच्या टाक्या व पिंपेही याच वेळी रिकामी करावीत. डेंग्यू पसरवणारा एडिस डास पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या आतल्या अंगाला अंडी चिकटवतो. ती कोरडी राहूनही कित्येक महिने जगतात आणि पाणी चढले की फुटतात. म्हणून टाकी रिकामी करणे पुरेसे नाही. तिच्या बाजू खरखरून घासल्या पाहिजेत. ब्लीचिंग पावडर वापरताना तिच्यात आम्ल कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

सारांश, आधी छप्पर, मग जोते, मग भिंती आणि सर्वांत शेवटी कुंचा, असा हा क्रम आहे. तो पाळायला खर्च अधिक लागतोच असे नाही. उलट पुष्कळदा एका कौलाच्या किमतीत तुळई वाचते. लागते ती एखाद्या सुटीच्या दिवसाची सवड आणि घराकडे नीट पाहण्याची सवय. रंगवलेले घर पाडव्याला शोभते. राखलेले घर आषाढात कळते.