डॉक्टर भेटण्याआधीच घरी

कॅनडात आपत्कालीन विभागात आलेल्या मुलाला परिचारिका आधी तपासते आणि १ ते ५ पैकी श्रेणी देते. पहिल्या श्रेणीला डॉक्टर तत्काळ, दुसरीला १५ मिनिटांत, पाचवीला १२० मिनिटांत मिळावा, हे उद्दिष्ट.

२०२२च्या नोव्हेंबरात आरएसव्ही हा श्वसनविषाणू, फ्लू आणि कोविड एकदमच उसळले आणि हे गणित कोलमडलं. कॅल्गरीच्या बालरुग्णालयाने ताटकळणाऱ्या कुटुंबांसाठी दाराबाहेर उबदार ट्रेलर उभा केला. ओटावाच्या ‘चिओ’ या बालरुग्णालयाने दुसरा बालअतिदक्षता विभाग उघडला, पुढे मदतीला रेड क्रॉसही आली.

अशा गर्दीत वाट पाहून डॉक्टर भेटण्याआधीच निघून जाणारी बरीच मुलं सौम्य श्रेणीतली असतात. पण श्रेणी कायमची नसते, हे पालकांना कुणीतरी स्पष्ट सांगायलाच हवं! धाप वाढली, मूल मलूल झालं, तर परिचारिकेकडे फेरतपासणी मागता येते. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप असेल, तर तपासणीविना परतूच नये.