तान्ह्या बाळाचा श्वास मोजताना

बोदवड तालुक्यात कापसाची वेचणी सरत येते त्याच सुमारास थंडीही बसते, आणि उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांच्या घरात तापणाऱ्या या खानदेशी पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास, कधी त्याच्याही खाली उतरतो. हवा कोरडी पडते, दारेखिडक्या बंद राहतात, चुली जास्त वेळ पेटत्या राहतात, आणि ज्या घरात लेक बाळंतपणाला माहेरी आलेली असते तेथे रात्री बाळाच्या नाकाची घरघर ऐकू येऊ लागते. बाळ झोपेत घरघरते, दूध पिता पिता मध्येच तोंड सोडते, शिंकते, क्षणभर श्वास धरल्यासारखे करते, आणि सर्दी छातीत उतरली या समजुतीने सारे घर जागे होते. या धास्तीचा बराचसा भाग निराधार असतो; उरलेला मात्र इतका गंभीर असतो की तो वेळेवर ओळखता येणे ही जीवनमरणाची बाब ठरते. दोहोंतला फरक ओळखण्यासाठी आवाजापेक्षा श्वासांच्या संख्येवर अधिक विसंबता येते.

पहिले चार-सहा महिने बाळ प्रामुख्याने नाकानेच श्वास घेते. त्याची जीभ तोंडाच्या मानाने मोठी असते आणि कंठच्छद, म्हणजे गिळताना श्वासनलिकेच्या तोंडावर येणारी झडप, प्रौढांपेक्षा बरीच वर, पडजिभेच्या जवळ असते. या रचनेमुळे दूध ओढणे आणि नाकाने श्वास घेणे या दोन्ही क्रिया बाळाला जवळजवळ एकत्र साधतात, पण नाक चोंदले की हीच सोय अडचण होते आणि बाळाला स्तन सोडून श्वास घ्यावा लागतो. शिवाय वाट मुळातच अरुंद असते. नळीतून संथ वाहणाऱ्या प्रवाहाला होणारा विरोध नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, असा नियम ज्याँ पॉइझ्यूय या फ्रेंच वैद्याने एकोणिसाव्या शतकात मांडला. त्यानुसार चार मिलिमीटर व्यासाच्या नळीला आतून सगळीकडे एक मिलिमीटर सूज आली, तर त्रिज्या निम्मी होऊन विरोध सोळापट होतो. तेवढीच सूज आठ मिलिमीटरच्या नळीत विरोध सुमारे तिप्पटच वाढवते. नाक ही काही गुळगुळीत नळी नव्हे, त्यामुळे हे आकडे त्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत, तरी मोठ्या माणसाला जाणवणारही नाही इतका शेंबूड बाळाला एवढा का छळतो याचा उलगडा त्यांतून होतो.

शिंकणे हे दर वेळी सर्दीचे लक्षण असते असे नाही. बाळाला नाक शिंकरता येत नाही, म्हणून धूळ, सुकलेला स्राव किंवा नाकात आलेले दूध ते शिंकेनेच बाहेर टाकते. श्वासाची लयही पहिल्या महिन्यांत एकसारखी नसते. काही श्वास भराभर, मग पाच-दहा सेकंदांचा विराम, मग पुन्हा भराभर, असा क्रम निरोगी बाळातही दिसतो आणि त्याला आवर्ती श्वसन म्हणतात. मेंदूतील श्वसनकेंद्र पक्व होत जाते तसा तो कमी होतो. मात्र विराम वीस सेकंदांपेक्षा लांबला, किंवा कमी वेळाच्या विरामातही बाळ निळसर, फिकट अथवा लुळे पडले, तर ती श्वासबंदाची अवस्था असते आणि तेथे वाट पाहण्यास जागा नसते.

संख्येचे महत्त्व दूरच्या एका देशात स्पष्ट झाले. पापुआ न्यू गिनीत काम करणारे बालरोगतज्ज्ञ फ्रँक शान आणि त्यांचे सहकारी यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की, खोकणाऱ्या मुलांपैकी न्यूमोनिया, म्हणजे फुप्फुसातील वायुकोशांचा दाह, कोणाला असावा हे श्वासाच्या वेगावरून बऱ्याच अंशी ओळखता येते. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे वयानुसार मर्यादा ठरवल्या: दोन महिन्यांच्या आत मिनिटाला साठ किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात पन्नास किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांत चाळीस किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वसन.

या ज्ञानाला खेड्यातल्या अंगणापर्यंत आणण्याचे काम महाराष्ट्रातच, गडचिरोली जिल्ह्यात झाले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातील आरोग्यसेवक आणि सुईणी यांना न्यूमोनिया ओळखून प्रतिजैविक देण्याचे शिक्षण दिले. ज्या सुईणींना साठपर्यंत मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मणी आणि एका मिनिटाची वाळूची घडी असलेले साधे उपकरण बनवण्यात आले: दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपण्याआधीच शेवटचा लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या सेवकांनी उपचार केलेल्या ६१२ रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते, तर तुलनेसाठी निवडलेल्या भागात ते १३.५ टक्के होते. निरक्षर सुईण जे अचूक करू शकली ते आज हातात घड्याळ आणि मोबाईल असलेल्या प्रत्येक घराला जमण्यासारखे आहे, आणि ते शिकवले जात नाही ही खेदाची गोष्ट आहे.

मोजणीची पद्धत सोपी असली तरी तिच्यात घाई चालत नाही. बाळ शांत किंवा झोपलेले असावे, रडत किंवा पीत नसावे. झबले वर करून पोट आणि छातीचा खालचा भाग उघडा ठेवावा, उजेड पुरेसा असावा, आणि पोट एकदा वर येऊन खाली गेले की एक श्वास धरावा. लय अनियमित असल्यामुळे पंधरा सेकंद मोजून चौपट करणे चुकीचे ठरते. पूर्ण साठ सेकंद मोजावे लागतात. संख्या साठ किंवा त्याहून अधिक भरली तर पुन्हा एकदा मोजावे. नाक चोंदल्यानेही वेग वाढू शकतो, म्हणून ते मोकळे करून मोजणे अधिक विश्वासार्ह असते, मात्र त्या निमित्ताने दवाखाना लांबवू नये. ‘पोट उडतंय’ ही आयांची नेहमीची तक्रार. परंतु तान्हे बाळ मुख्यतः छाती-पोटामधल्या पडद्याच्या, म्हणजे श्वासपटलाच्या, बळावर श्वास घेत असल्याने पोट हलणे स्वाभाविकच असते. पाहायचे असते ते बरगड्यांखाली: श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग खोल आणि सतत आत ओढला जात असेल, नाकपुड्या फुलत असतील, प्रत्येक श्वासाबरोबर कण्हल्यासारखा आवाज येत असेल, ओठ-जीभ निळसर दिसत असतील, बाळ दूध ओढेनासे झाले असेल, झटके आले असतील किंवा ते उठवूनही मलूल राहत असेल, तर नाकाचा विचार सोडून तडक रुग्णालय गाठावे. दोन महिन्यांच्या आतील बाळाला ताप येणे किंवा त्याचे अंग गार पडणे हेही तितकेच गंभीर मानले जाते. जन्मतःच दोन्ही नाकपुड्यांची मागची वाट बंद असण्याचा एक दुर्मीळ दोष असतो. त्यात बाळ स्वस्थ असताना निळे पडते आणि रडले की, तोंड उघडल्यामुळे, गुलाबी होते.

साध्या चोंदलेल्या नाकासाठी औषधाच्या दुकानात मिळणारे लहान मुलांचे मिठाच्या पाण्याचे थेंब, पाजण्यापूर्वी आणि झोपण्यापूर्वी प्रत्येक नाकपुडीत एक-दोन, एवढा उपचार बहुधा पुरतो. प्रौढांचे नाक मोकळे करणारे थेंब बाळाला कदापि घालू नयेत, कारण ते शोषले जाऊन बाळाला गुंगी येऊ शकते आणि त्याचा श्वासही मंदावू शकतो. सर्दी-खोकल्याच्या पातळ औषधांबाबत तर शंकेला जागाच उरलेली नाही. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात २०२५ मध्ये विषारी डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने मुले दगावल्यानंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना अशी औषधे देऊ नयेत, अशी सूचना ऑक्टोबर महिन्यात काढली. भेसळ नसतानाही या वयात त्यांचा फायदा दिसत नाही.

घरगुती उपायांविषयी अधिक सावकाश बोलले पाहिजे, कारण ते मायेपोटीच केले जातात. मालिश करून न्हाऊ घातल्यावर नाकात तेलाचे थेंब सोडण्याची रीत अजून अनेक घरांत आहे. पाणी घशात उतरले तर ठसका लागतो, तेलाने मात्र खोकल्याची प्रतिक्षिप्त क्रिया नीट चाळवत नाही, म्हणून ते गाजावाजा न करता फुप्फुसात उतरू शकते आणि तेथे तैलजन्य न्यूमोनिया होतो, जो प्रतिजैविकांना दाद देत नाही. कापराची पुरचुंडी उशाशी ठेवणे किंवा तीव्र वासाचा बाम छातीला चोळणे यांतही धोका असतो. कापूर अंगात शोषला गेल्यास झटके येऊ शकतात. बाजेखालची शेगडी आणि तिच्यावर ओवा, बाळंतशोपा, लसणाच्या साली टाकून दिलेली धुरी यांमुळे बंद खोलीत धूर साठतो, आणि पऱ्हाट्यांवर पेटणाऱ्या चुलीचा धूर त्यात मिसळतो. सरपणाच्या धुराने मुलांतील न्यूमोनियाचा धोका वाढतो हे पक्के ठाऊक झालेले आहे. तेव्हा आंघोळीचे पाणी अंगणात तापवणे आणि बाळंतिणीच्या खोलीची एक खिडकी किलकिली ठेवणे हा धुरीपेक्षा कितीतरी चांगला उपचार होय. मेळघाटात आजारी बाळाच्या पोटावर तापल्या लोखंडाचे डाग देण्याचे प्रकार अजून घडतात. त्यांना उपचार म्हणताच येणार नाही.

आशा सेविका गृहभेटींत, म्हणजे जन्मानंतरच्या बेचाळीस दिवसांत सहा ते सात वेळा, बाळाला तपासते. त्या वेळी तिच्याकडून श्वास मोजून घ्यावा आणि स्वतःही मोजण्यास शिकावे. न्यूमोनियाच्या दोन प्रमुख जिवाणूंविरुद्धच्या लसी सरकारी केंद्रांत मोफत मिळतात: पेंटाव्हॅलंट सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात, आणि न्यूमोकोकल लस सहाव्या व चौदाव्या आठवड्यात व नवव्या महिन्यात. वर सांगितलेले एक जरी लक्षण दिसले तरी रात्र काढू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका कोणत्याही वेळी बोलावता येते, आणि एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी रुग्णालयात नेण्या-आणण्याची सोय १०२ क्रमांकावर विनामूल्य आहे.