दगडफुलातील दाढी

दिवाळीपूर्वी गोडा मसाला करावयाचा म्हणून गोकुळ रोडवरील दुकानातून दगडफूल आणले होते. ते निवडताना करड्या-काळ्या पापुद्र्यांत हिरवट पिवळ्या तंतूंचा एक गुंता निघाला. ‘‘अहो, हे मसाल्यात घालू की टाकू?’’ सौ.ने विचारले. प्रश्न साधा, पण उत्तर देता येईना.

दगडफूल हे फूल नव्हे. पुष्कळदा ते दगडावरचेही नसते, झाडाच्या सालीवरचे असते. बुरशी आणि शैवल यांचा एकत्र संसार म्हणजे हे शैवाक. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ श्वेंडेनर यांनी १८६७ साली हे मांडले, तेव्हा भल्याभल्यांना ते पटले नव्हते.

गुंत्याचे कूळ मात्र घरीच ठरले. एक तंतू पाण्यात भिजवून दोन्ही टोकांनी हलकेच ओढला. वरची साल तडकली आणि आतला पांढरा दोरा रबरासारखा ताणला गेला. ही ‘उस्निया’ची खूण. तशाच दिसणाऱ्या ‘रामालिना’त असा दोरा नसतो. फांद्यांवरून दाढीसारखी लोंबणारी ही उस्निया धुराला फार हळवी. गोकुळ रोडच्या वर्दळीत ती उगवलेली नव्हे, हे उघडच आहे.

जात ठरविणे मात्र जिकिरीचे. साल, गर आणि दोरा यांच्या जाडीचे प्रमाण मोजावे लागते. गरावर कॉस्टिक पोटॅशचा थेंब सोडून रंग पाहावा लागतो. जुळ्या बहिणींसारख्या दिसणाऱ्या दोन जातींत आम्ले निराळी निघतात. आपल्या पश्चिम घाटाचे नाव मिरविणारी ‘उस्निया घाटेन्सिस’ ही एक जात आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील बेहेरा, माखिजा प्रभृतींनी तिचे प्रयोगशाळेत संवर्धन केले आणि तिच्या जंतुनाशक गुणांविषयी २००५ साली लिहिले.

या गुणांतील मोठा वाटा उस्निक आम्लाचा, आणि तेच बेताने घ्यावयाचे. वजन घटविण्यासाठी विकल्या जाणाऱ्या उस्निक आम्लयुक्त गोळ्यांनी यकृतास इजा झाल्याने २००१ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लोकांना सावध केले होते. मसाल्यातील चार तंतूंनी तसे होईल असे मी म्हणत नाही. तरीही ते घालू नकोस, असे मी सांगितले.

तंतू वाळवून लिफाफ्यात ठेवले आहेत. वर दुकानाचे नाव आणि तारीख लिहिली. नमुना कोणत्या रानातला, कोणत्या झाडावरचा, हे तज्ज्ञ प्रथम विचारतात. पुडीवर केवळ वजन आणि किंमत होती. ती ओळ कोरीच राहिली.