कूलरची हवा थंड का लागत नाही?

होळी झाली की विदर्भात घरोघरी कूलर बाहेर निघतात. नवं गवत बसतं, टाकी भरते आणि आठवडाभरात तक्रार सुरू होते: वारा भरपूर येतो, पण अंग चिकचिकतं. अशा वेळी दोष बहुधा कूलरचा नसतो. आत आलेल्या हवेला बाहेर पडायला वाटच ठेवलेली नसते.

कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या गादीतून आत ओढतो. गादीतल्या पाण्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता हवेतूनच जाते. हवा थंड होते, पण सोबत दमटही होते. नागपुरात दुपारी 44 अंश तापमान आणि 15 टक्के आर्द्रता (हवेतला ओलावा) असेल, तर चांगला कूलर 27-28 अंशांची हवा देतो. मुंबईत 33 अंश आणि 70 टक्के आर्द्रता असताना तोच कूलर जेमतेम तीन-चार अंश उतरवतो, वर घाम वाळू देत नाही. किनारपट्टीवर राहत असाल तर कूलरवर खर्च करू नये, असंच मी सांगेन.

आता जागा. कूलर खिडकीच्या बाहेर, शक्यतो सावलीत बसवावा. गाद्यांच्या तिन्ही बाजूंना हातभर तरी मोकळी जागा हवी. कूलर खोलीत ठेवला तर तीच दमट हवा पुन्हापुन्हा ओढली जाते. खिडकी आणि कूलर यांच्यामधल्या फटी थर्माकोलने किंवा पुठ्ठ्याने बुजवा, नाहीतर त्यातून गरम झळ आत येत राहते.

मग गाद्या. लाकडाच्या बारीक किसाच्या गादीला आपल्याकडे गवत म्हणतात. ते स्वस्त आणि चांगलं, पण दरवर्षी बदलावं लागतं. वाळ्याचा सुगंध वेगळाच. हनीकॉम्ब पॅड, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखे कप्पे असलेली जाड कागदी गादी, काही वर्षं टिकते. गादी कुठलीही असो, ती सगळीकडे सारखी भिजली पाहिजे. खरी गफलत इथे होते. वरच्या पन्हळीची भोकं क्षारांनी बुजतात आणि गादीवर कोरडे पट्टे पडतात. हवा सोपी वाट शोधते. ती त्या कोरड्या पट्ट्यातून किंवा गवत खाली बसून वर पडलेल्या पोकळीतून तशीच गरम आत शिरते. पंप सुरू असताना गादीवर वरपासून खालपर्यंत हात फिरवून बघा. जिथे कोरडं लागेल, त्याच्या वरचं भोक तारेने मोकळं करा. मात्र हात फिरवण्याआधी पंखा बंद हवा आणि अर्थिंग तपासलेलं हवं.

सुरू करताना आधी पंप, पाच-दहा मिनिटांनी पंखा. गाद्या भिजण्याआधी पंखा लावला तर धूळ आणि झळ दोन्ही आत येतात.

आता ती बाहेरची वाट. कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवा. उन्हाळ्यात दारं-खिडक्या घट्ट लावून घ्यायची आपली सवय इथे आड येते. ती एसीसाठी योग्य आहे, कूलरसाठी नाही. किती उघडायचं हे पडदा सांगतो. पडदा हलकेच बाहेरच्या बाजूला फुगला की बेताचं. दार आपोआप ढकललं जात असेल तर वाट अपुरी आहे. दुसऱ्या खोलीत थंडावा हवा असेल तर आपली खिडकी लावून त्या खोलीची उघडा, हवा तिकडे वळेल. खिडकीला मच्छरदाणीची जाळी असेल तर ती धुतलेली ठेवा.

टाकीत बर्फ घालायची गरज नाही. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषतो, त्याच्या सुमारे सातपट उष्णता एक किलो पाण्याची वाफ होताना शोषली जाते. पाणी मात्र जपा. वाफ होते ती पाण्याची, क्षार टाकीतच साचत जातात. म्हणून दर आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करून, आतून घासून कोरडी करा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साचलेल्या पाण्यात वाढतो आणि त्याची अंडी टाकीच्या कडांना चिकटून राहतात. नुसतं पाणी बदलून ती जात नाहीत.

एक गोष्ट कधीही टाळू नका. पाणी भरण्याआधी बटण बंद करून प्लग काढा. पत्र्याच्या कूलरमध्ये वीज उतरून दर उन्हाळ्यात माणसं दगावतात. प्लग तीन पिनांचाच हवा. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या आणि घरात आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारं बटण) बसवून घ्या. टाकीत पाणी नसताना पंप चालला तर जळतो, तेही बघा.

जूनमध्ये ढग जमले, हवा जड झाली की पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवा. पाऊस लागला की टाकी पुसून कोरडी करा, पंप धुऊन वेगळा ठेवा आणि जुनं गवत तेव्हाच काढून टाका.